जागा करणाऱ्या यशोदाअक्का

यशोदाअक्कांकडे राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी दोन वाजता, त्या मला म्हणाल्या, "वैशाली, जरा हात लाव पोरी. पाटील आबाले खाल उतारनं शे."

पाटील आबांना खाली उतरवायचं आहे. मी शिरपूरच्या पलीकडची. आमच्या घरात अहिराणीच बोलतात, त्यामुळे वाक्य कळलं नाही असं मला म्हणता येईना. पण त्या घरात अक्का आणि मी सोडून तिसरं माणूस नव्हतं. बाहेर गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. एप्रिलमधली धुळ्याची दुपार होती, सगळी दारं लावलेली होती आणि कुठेतरी एक कूलर तेवढा घरघरत होता.

"कोण आबा?" मी विचारलं.

"वर शेत ना," म्हणजे वर आहेत ना, असं म्हणून अक्कांनी चौथ्या रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्याकडे बोट केलं आणि स्टूल ओढलं.

वर एक घडी घातलेलं धोतर होतं, वेताची काठी होती, कान तुटलेला कप होता आणि एक चष्मा होता. चष्मा मिटलेला नव्हता. काड्या उघड्या, काचा खोलीकडे. म्हणजे तो आमच्याकडे बघत होता, असं मला वाटलं.

"आबा वारले त्याले सात वर्षं झाली," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पण शनिवारे ऊन दाखवनं पडस. नही ते वास येस."

त्यांनी एकेक वस्तू खाली दिली आणि मी घेतली. काठी घेताना ती माझ्या हातातून निसटली, तशा त्या वरून ओरडल्या, "हळू वं! गुडघा दुखस त्यासना!"

मला हसू आलं होतं, पण मी हसले नाही. अक्का हसत नव्हत्या.

मी त्यांच्याकडे कशी आले ते सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला वसतिगृहाच्या यादीत माझं नाव आलं नाही. मार्चपर्यंत मी एका नातेवाइकांकडे राहिले, मग त्यांची बदली झाली. त्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात एक बॅग आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन बसले होते, कारण दुसरीकडे कुठे बसायचं ते सुचत नव्हतं. यशोदाअक्का त्या ग्रंथालयात शिपाई होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी येऊन पुस्तकं आपापल्या जागेवर आहेत ना ते बघून जायच्या. ग्रंथपाल सर त्यांना हटकत नसत. पुस्तक सापडलं नाही की सरही त्यांनाच विचारायचे.

"आठे काबर बठनी?" इथे का बसलीस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, सामानाकडे पाहिलं. "एक बॅग, एक डबा, एक पोर," त्या म्हणाल्या. "चल."

वाटेत मी भीतभीत विचारलं, "तुमच्याकडे जागा आहे का अक्का?"

"जागा ऱ्हास नही पोरी. जागा करनी पडस."

जागा नसतेच, ती करावी लागते. हे वाक्य त्या दिवसातून दहा वेळा म्हणत. भाजीवाल्याच्या गाडीवर पिशवी ठेवायला जागा नसली तरी म्हणत.

त्यांचं घर म्हणजे जुन्या धुळ्यातली एकच खोली, मागे मोरी, वर पत्रे. त्या खोलीत सात रॅक होते. ग्रंथालयात नवी कपाटं आली तेव्हा भोकाभोकांच्या पट्ट्यांचे जुने लोखंडी रॅक भंगारात निघाले. अक्कांनी ते मागून घेतले आणि हातगाडीवरून घरी आणले. रॅक जमिनीपासून पत्र्यापर्यंत जायचे. दोन रॅकांमध्ये माणसाने आडवं होऊन चालायचं. मी सरळ गेले की अक्का म्हणत, "छाती दाखाडू नको, खांदा दाखाड."

त्यांचं एक शास्त्र होतं. जड ते जमिनीला. रोजचं गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंत. सणाचं डोक्यावर. कप्प्याच्या खालच्या बाजूलाही हूक लावून कप टांगायचे, कारण "कप्पाले पोट बी ऱ्हास." सर्वांत खालचा कप्पा विटेवर उचलायचा, म्हणजे खाली केरसुणी मावते. पहिल्या रॅकवर गॅस, डबे, देव. दुसऱ्यावर अक्कांचं स्वतःचं. त्या दोन रॅकांत त्यांचं सगळं आयुष्य बसलं होतं आणि मला ते फार हुशारीचं वाटलं. आमच्या गावच्या घरात पाच खोल्या आहेत आणि आईला कात्री कधी सापडत नाही.

उरलेले पाच रॅक गल्लीतल्या मेलेल्या माणसांचे होते.

सुरुवात पाटील आबांपासून झाली. आबा गेले तेव्हा त्यांच्या घरात दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडं आणि दीड खोली. आबांच्या वस्तू देऊन टाकायला कुणाचं मन होईना आणि ठेवायला जागा होईना. अक्का म्हणाल्या, माझ्याकडे द्या. मग दुसऱ्या घरातून आल्या, तिसऱ्या घरातून आल्या. प्रत्येकाला एक कप्पा. कप्प्याच्या कडेला ग्रंथालयात चिकटवतात तशी चिठ्ठी, तिच्यावर गोल अक्षरात नाव. घरच्यांनी कधीही येऊन बघावं, असा नियम होता. सुरुवातीला लोक यायचे म्हणे. मी राहिले त्या दिवसांत कुणी आलं नाही.

एक सलीमभाई मात्र यायचे. ते वेल्डिंगचं काम करत. रॅकचे नटबोल्ट आवळून द्यायला महिन्यातून एकदा चक्कर मारत. त्यांच्या अम्मीचा, जुबेदाचाचींचा, पाचव्या रॅकवर कप्पा होता. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दारातच थांबले.

"क्या अक्का, नई भरती?"

"जिवंत शे ती," अक्का म्हणाल्या.

"तेच म्हणतो. तुमच्याकडे जिवंत माणसाला कसा काय नंबर लागला? इथं मेल्याशिवाय जागा मिळत नाही!" मग माझ्याकडे वळून हळूच, "बहन, घाबरू नको. सगळे चांगले लोक आहेत. फक्त गोदाकाकूंच्या समोर जोरात बोलू नको."

घाबरायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकत होते. दुपारी पत्रे तापले की लोखंड प्रसरण पावतं आणि रॅक टक् टक् वाजतात, हे मला कळत होतं. पण तो आवाज एका टोकाला सुरू व्हायचा आणि एकेका रॅकवरून पुढे सरकत माझ्यापर्यंत येऊन थांबायचा. थांबायचा का, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझं अंथरूण तिसऱ्या आणि चौथ्या रॅकच्या मधल्या बोळात होतं. दोन फूट रुंद. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे. दोन्ही बाजूंना सगळ्यात खालच्या कप्प्यात चपला होत्या, टाचा भिंतीकडे आणि बोटं बोळाकडे. पाय खाली टाकला की लगेच घालता आल्या पाहिजेत, असं अक्कांचं म्हणणं. दुपारी मी पुस्तक घेऊन तिथे पडले की माझ्या दोन्ही कानांशी दहा-बारा जोड रांगेने उभे असत. काही चपलांच्या आत अजून पायाची काळी खूण होती. मी डोळे मिटले की वाटायचं, दोन्ही बाजूंनी माणसं उभी आहेत आणि वाकून माझं पुस्तक वाचतायत.

पावणेदोनला जुबेदाचाचींचं घड्याळ वाजायचं. त्या हयात होत्या तेव्हा त्या वेळेला नळ यायचा, म्हणून त्यांनी गजर लावलेला. नळाची वेळ कधीच बदलली होती. अक्का रोज चावी द्यायच्या. गजर झाला की रिकामी बादली घेऊन दारापर्यंत जायच्या, उन्हाकडे बघायच्या आणि परत यायच्या.

"नही उना वं चाची," नळ नाही आला, असं त्या कप्प्याला सांगायच्या. "आज बी नही उना."

एकदा मी विचारलं, "अक्का, नळ आता सकाळी येतो, मग कशाला?"

"तुले माहीत शे, माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "तिले कोन सांगी?"

अक्कांच्या स्वतःच्या माणसांचा कप्पा मात्र नव्हता. मी सलीमभाईंना विचारलं. त्यांनी पान्ह्याने बोल्ट आवळत आवाज खाली आणला. अक्कांचे यजमान लग्नानंतर वर्षभरातच सुरतेला कामाला गेले आणि परत आले नाहीत. आहेत की नाहीत तेही कळलं नाही. "जाताना माणूस सगळं घेऊन गेला. घरातला कंगवासुद्धा. ठेवायला काही सोडलंच नाही."

असे दीड-दोन महिने गेले. मग एका सोमवारी माझ्या वडिलांचा फोन आला. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

"रविवारी येतो. कुठं राहते ते बघतो. जागा नीट असेल तर राहा. नसेल तर सामान बांधून ठेव, आपण परत येऊ." नाना रागावले नव्हते, ते काळजीने बोलत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली. आत्याने शिरपूरचं एक स्थळ आणलं होतं. मी गावी परत गेले असते तर परीक्षेला पुन्हा आले नसते, हे मला फोन ठेवायच्या आतच कळलं.

मी त्या बोळाकडे पाहिलं. नाना इथे येणार आणि माझ्या उशाशी मेलेल्या माणसांच्या चपला बघणार.

अक्कांना सांगितलं. त्यांनी सातही रॅक एकदा डोळ्यांखालून घातले. "एक रॅक काढनं पडी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आपणही काही करावं. बुधवारी अक्का बाजारात गेल्या तेव्हा मी सहाव्या रॅकवर दोन कप्पे एकत्र केले. गोदाकाकूंचं लुगडं, पितळी डबा, लोखंडी खलबत्ता आणि शेवंतामावशींची पोथी, हातपंखा, अडकित्ता. सगळं एकाच फळीवर इतकं छान बसलं की एक अख्खा कप्पा मोकळा झाला. असं सगळीकडे केलं तर कुणालाही हलवावं लागणार नाही, एक रॅक आपोआप निघेल. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

अक्का आल्या, पिशवी खाली ठेवली, आणि वर न बघताच म्हणाल्या, "काय करं तू?"

मी दाखवलं.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "माय वं! गोदा आनि शेवंता? एक फळीवर? अगं, बावीस वर्षं बोलनं नव्हतं त्यासनं!"

गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवरून, म्हणजे बिबड्यांवरून, भांडण झालं होतं. एकीचे बिबडे दुसरीच्या बाजूला सरकले होते, की सरकवले होते, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. शेवंतामावशी वारल्या तेव्हा गोदाकाकू खिडकी लावून बसल्या होत्या. पुढे त्याही गेल्या, तर अक्कांनी दोघींच्या मध्ये मुद्दाम दुसऱ्यांचे तीन कप्पे ठेवले होते.

"अक्का, वस्तूच आहेत," मी म्हणाले. माझा आवाज फार लहान निघाला.

"हात लावू नको आते. मी हातपाय धुईसन येस."

त्या मोरीत गेल्या. मी फळीपासून हातभर लांब उभी होते, हे मी शपथेवर सांगते. खलबत्ता फळीच्या मधोमध होता. तो आधी थोडा फिरला. मग कडेपर्यंत आला, कडेला किंचित थांबला, आणि खाली पडला. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर फरशीला तडा गेला.

अक्का ओल्या हातांनी बाहेर आल्या. तड्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं.

"फळी वाकली असेल," मी म्हणाले. "वजन जास्त झालं. गुरुत्वमध्य…"

"व्हई," अक्का म्हणाल्या. "पन तुना फिजिक्सले गोदा माहीत नही."

त्यांनी दोघींना पुन्हा आपापल्या जागी ठेवलं. मध्ये तीन कप्पे.

मग एक रॅक रिकामा व्हावा म्हणून आम्ही वस्तू ज्यांच्या त्यांच्या घरी परत करायला निघालो. गुरुवारी दुपारी, उन्हात. अक्कांनी पाटील आबांची काठी आणि धोतर घेतलं, मी चष्मा घेतला. उघडाच, तळहातावर. वाटेत काचांतून ऊन माझ्या मनगटावर पडून चटका बसत होता आणि मिटायची हिंमत होत नव्हती.

धाकट्या सूनबाईंनी दार उघडलं. आधी आनंदल्या, मग काठी दिसली.

"अय्या अक्का, आबांना आणलं? अहो, आमच्याकडे आता फ्रिज आलाय. दाराच्या मागेच ठेवलाय बघा, दार पुरतं उघडत नाही. आबांना कुठं ठेवू?" मग पदराने डोळे पुसले. "तुमच्याकडे बरे आहेत ना ते?"

"बरे शेत," अक्का म्हणाल्या.

सलीमभाईंनी तर हात जोडले. "अक्का, अम्मीला नको. ते घड्याळ एकदा घरी वाजलं होतं तर बायको दोन दिवस जेवली नाही. तुमच्याकडे वाजतं तेच ठीक आहे."

तिसऱ्या घरी शेवंतामावशींचा पंखा आणि पोथी घेऊन गेलो, तर तिथे दुसरेच लोक राहत होते. त्यांना शेवंतामावशी हे नावसुद्धा माहीत नव्हतं. "इथं कुणी शेवंता नाही," आतून एक बाई म्हणाली. अक्का ते ऐकून तिथेच उभ्या राहिल्या. मग पंखा, पोथी पुन्हा पदराखाली घेतली आणि जणू त्या बाईने ऐकू नये अशा बेताने पंख्याला म्हणाल्या, "चल. मनीच शे तू आते." माझीच आहेस तू आता.

शुक्रवारी संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली. अक्कांनी पाहिलं. मला त्यांच्यावर रागही आला, ते लिहायला मला लाज वाटते. मी हिशेब करत होते की बेचाळीस मेलेल्या माणसांना जागा आहे आणि एका जिवंत मुलीला नाही.

शनिवारी प्रॅक्टिकल होतं. परत आले तेव्हा दोन वाजले होते. दार उघडं होतं. आत खिडकीखाली सहा फूट लांब, तीन फूट रुंद अशी मोकळी जागा होती. तिथे विटा लावून, रॅकच्या फळ्या टाकून पलंग केला होता. वर माझं अंथरूण. शेजारी उलट्या खोक्यावर माझी पुस्तकं, कणे एका ओळीत. खिडकीतून उजेड येत होता. त्या घरात इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता.

सलीमभाई पान्हे पिशवीत भरत होते. माझ्याशी नजर न मिळवता निघून गेले.

मी रॅक मोजले. सहा. मग चिठ्ठ्या मोजल्या. पाटील आबा होते. जुबेदाचाची होत्या. गोदाकाकू, शेवंतामावशी, सगळे. पुन्हा मोजल्या. बेचाळीसच्या बेचाळीस. एकही कमी नाही. माझ्या अंगावर काटा आला, कारण एक अख्खा रॅक गेला होता आणि कुणीच गेलं नव्हतं.

मग मला खुंटीवर दोन कापडी पिशव्या दिसल्या. एकीतून अक्कांची निळी साडी डोकावत होती. काढलेला रॅक दुसरा होता. त्यांचा स्वतःचा.

"अक्का, हे काय केलं? तुमचं सामान?"

"बेस शे ना पिशवीमा." त्या चहा गाळत होत्या. "मी हिंडती-फिरती बाई. माले कसाले जागा? त्यासले उठता येस नही."

रविवारी नाना आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आडवे होऊन आत आले, पलंग पाहिला, हाताने दाबून पाहिला. मग रॅकांकडे पाहिलं. चिठ्ठ्या वाचल्या. नाना चौथीपर्यंत शिकलेत, ते बोट फिरवून वाचतात. अक्कांनी सरळ सांगून टाकलं, हे आमच्या गल्लीतले गेलेले लोक. नानांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुढच्या चिठ्ठ्या तशाच वाचल्या.

चहा झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "अक्का, तुमनं सामान कोठे शे?"

"हाई काय." अक्कांनी खुंटीकडे बोट केलं.

नाना त्या दोन पिशव्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "पोर राही आठेच," ते म्हणाले. "पेपर दे नीट."

दुपारच्या गाडीने ते परत जाणार होते. अक्का स्टँडपर्यंत आल्या, मी नको म्हणत असताना. शिरपूरची गाडी लागायला वेळ होता. नाना उगाच टोपी सारखी करत होते. मग म्हणाले, "अक्का, आमनं घर मोठं शे. जागा रिकामी पडेल शे. तुमनं काही ठेवनं व्हई ते द्या. पोरनी माय नीट ठेवी."

अक्का हसल्या. "मनं? मनं काय शे ठेवाजोगं?" त्यांनी बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली, पहिल्याच बोटापाशी अंगठा थांबला, आणि हसू हळूहळू गेलं. आयुष्यभर त्यांच्याकडे लोकांनी जागा मागितली होती. देतो असं कुणी म्हटलं नव्हतं.

गाडी आत शिरली. लोक धावले. अक्का तिथेच.

"कितली?" त्यांनी विचारलं.

"काय कितली?"

"जागा. कितली शे?"

नानांनी पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि दोन्ही हात पसरून अंतर दाखवलं. "एवढी. देवघरना शेजारे. उजेड येस."

अक्का पुढे झाल्या. त्यांनी आपले हात नानांच्या हातांच्या आत नेले, तळव्यांना तळवे जवळजवळ लागतील इतके, आणि ते माप घेतलं. नाना गाडीत चढले, खिडकीतून हात केला. मी हात केला. अक्कांनी केला नाही. त्यांचे दोन्ही हात तसेच पुढे धरलेले होते.

स्टँडपासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट आहे. दुकानं अर्धी मिटलेली, डांबर मऊ झालेलं, समोरून लू येत होती. अक्का दोन हातांत दीड-दोन हाताची मोकळी हवा घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होत्या. डोक्यावरचा पदर घसरला, त्यांनी तो सावरला नाही. मी सावरला. एक सायकलवाला घंटी वाजवत आला, तर त्याला त्यांनी आधी जाऊ दिलं, हातातल्या जागेला धक्का लागू नये म्हणून. मी एकदा म्हणाले, "अक्का, मला लक्षात आहे केवढी ती." त्यांनी ऐकलं नाही.

घराशी आल्यावर त्यांनी कमरेची किल्ली मला काढायला लावली. मी कुलूप उघडलं, दार लोटलं. आतून लोखंड टक् टक् वाजत होतं. दोन रॅकांमधून आत जायचं तर खांदा पुढे करावा लागतो आणि हात मिटावे लागतात.

अक्का उंबऱ्याबाहेर, उन्हात, तशाच उभ्या राहिल्या.